पास देणारा गेल्यावर

३० मार्च २००८. डेट्रॉइटचं फोर्ड फील्ड. एरवी हे अमेरिकन फुटबॉलचं बंदिस्त स्टेडियम. त्या दिवशी त्याच्या मधोमध बास्केटबॉलचं कोर्ट मांडलं होतं आणि भोवती पन्नास हजारांवर माणसं बसली होती. कॅन्सस ५९, डेव्हिडसन ५७. घड्याळात मोजके सेकंद उरलेले आणि चेंडू डेव्हिडसनकडे. ही एक चढाई साधली, तर सतराशेच्या आसपास विद्यार्थ्यांचं एक कॉलेज अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या शेवटच्या चारांत जाणार होतं.

प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी चेंडू स्टीफन करीच्या हाती सोपवला. आजच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. पण त्या संघात चेंडू पुढे आणणं हे करीचं काम नव्हतंच. ते जेसन रिचर्ड्सचं काम. रिचर्ड्स शेवटच्या वर्षाला होता, पॉइंट गार्ड होता, आणि त्या मोसमात सामन्यामागे सरासरी ८.१ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याने थेट गुणांत बदललेले पास, देऊन देशात पहिला आला होता. करी त्याचं गिऱ्हाईक. चेंडूशिवाय पळत राहायचं, पळून पळून अंगावरच्या बचावपटूला चुकवायचं, आणि रिचर्ड्सचा पास हातात पडला की क्षणात टाकायचा.

त्या शेवटच्या चढाईत अदलाबदल झाली. करीने चेंडू आणला, एका सहकाऱ्याने त्याच्यासाठी स्क्रीन लावला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहिला, कॅन्ससचे दोघे धावून आले. टाकायला फट मिळेना. त्याने चेंडू रिचर्ड्सकडे सरकवला. रिचर्ड्सने बऱ्याच लांबून टाकलेला थ्री-पॉइंटर चुकला, भोंगा वाजला, मॅकिलप जागच्या जागी गुडघ्यांवर बसले. कॅन्सस पुढे जाऊन विजेता ठरला.

पुढचं अख्खं वर्ष करीला जे करायचं होतं, त्याची ही रंगीत तालीम होती असं आता म्हणता येतं. दोन माणसं अंगावर, चेंडू हातात, आणि शॉट आपण घ्यायचा की दुसऱ्याला द्यायचा याचा निर्णय अर्ध्या सेकंदात.

करीविषयी लिहिणारे बहुतेक जण २००८ चा मार्च महिना सांगतात आणि तिथून थेट एनबीएवर, म्हणजे व्यावसायिक लीगवर, उडी मारतात. मधलं २००८-०९ चं वर्ष दोन ओळींत संपतं, कारण त्या वर्षी डेव्हिडसनने काही मोठं जिंकलं नाही. मला मात्र तेच वर्ष जास्त कामाचं वाटतं. देशातल्या सगळ्यांत घातक नेमबाजाने त्या वर्षी आपली जागा बदलली. बदलली म्हणण्यापेक्षा त्याला बदलावी लागली, कारण पास देणारा पदवी घेऊन निघून गेला होता.

डेव्हिडसन हे नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या उत्तरेला असलेलं गाव, आणि त्याच नावाचं १८३७ साली सुरू झालेलं कॉलेज. इथे परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, विद्यार्थी शपथेवर पेपर लिहितात. तासा-दोन तासांच्या अंतरावर ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही बास्केटबॉलची दोन संस्थानं. त्यांच्याकडे जाण्यासाठी देशभरातली पोरं रांगा लावतात. डेव्हिडसनच्या वाट्याला उरलेसुरले यायचे. मॅकिलप १९८९ मध्ये इथे आले, तेव्हा पहिल्याच मोसमात चार सामने जिंकले आणि चोवीस हरले. तरीही कॉलेजने त्यांना ठेवलं आणि तेही टिकले. पुढे ते निवृत्त झाले ते थेट २०२२ मध्ये. एखाद्या पोराला चुका करू देण्याची जी त्यांची ख्याती आहे, तिची मुळं या चार-चोवीसमध्ये असावीत असा माझा कयास आहे.

करी त्यांच्याकडे आला तोही उरलेल्यांतूनच. वडील डेल करी एनबीएत सोळा मोसम खेळलेले, त्यातली दहा वर्षं शार्लट हॉर्नेट्सकडून. लांबून टाकण्यात पटाईत. ते व्हर्जिनिया टेकचे माजी खेळाडू. मुलगा तिथेच जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण त्या कॉलेजने शिष्यवृत्ती न देता नुसती संघात येण्याची मुभा देऊ केली. पोरगा किरकोळ अंगाचा, शाळेत असताना जेमतेम सहा फूट. त्याच शाळकरी वयात वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट पार मोडून नव्याने बांधून घेतला. आधी तो चेंडू कमरेपासून उचलून टाकायचा, आता डोक्याच्या वरून सोडायला शिकला. तो उन्हाळा फार कष्टाचा गेला, काही आठवडे जवळून टाकलेलेही पडत नव्हते, असं करीने नंतर अनेकदा सांगितलं आहे. हातात बसलेली गोष्ट मोडून पुन्हा शिकण्याचा अनुभव त्याला असा लवकर आला होता.

कॉलेजातला पहिला सामना नोव्हेंबर २००६ मध्ये, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध. त्यात त्याने १५ गुण केले आणि १३ वेळा चेंडू गमावला. तेरा टर्नओव्हर म्हणजे दुसऱ्या कुठल्याही संघात पुढचा महिनाभर बाकावर बसणं. मॅकिलपनी दुसऱ्या दिवशी मिशिगनसमोर त्याला पुन्हा पहिल्या पाचांत उतरवलं. ३२ गुण. तिथून त्याची नेमबाजी सुरू झाली ती थांबलीच नाही. पहिल्या वर्षी सरासरी २१.५ गुण, दुसऱ्या वर्षी २५.९. दुसऱ्या वर्षी १६२ थ्री-पॉइंटर, तोवर एका मोसमात कुणीच इतके मारले नव्हते. २००८ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध सतरा गुणांची पिछाडी भरून काढताना ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. विस्कॉन्सिनचा सामना बघायला खुद्द लेब्रॉन जेम्स येऊन बसला होता. कॉलेजच्या विश्वस्तांनी आपल्या खर्चाने विद्यार्थ्यांना बसने डेट्रॉइटला नेलं, तिकिटं काढून दिली.

या सगळ्या सामन्यांत करीवरची नजर काढून रिचर्ड्सवर ठेवली, की खरा कारभार दिसतो. विस्कॉन्सिनविरुद्धच्या त्या सामन्यात रिचर्ड्सचे असिस्ट होते १३.

हे काम नेमकं कसं चालायचं ते जरा जवळून पाहू. रिचर्ड्स चेंडू टप्पे देत मध्यरेषेवरून आणतो. करी तेव्हा डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेच्या रेषेजवळ, काही घेणं-देणं नसल्यासारखा उभा. मग एकाएकी रिंगच्या खालून उजवीकडे पळत सुटतो. वाटेत अँड्र्यू लव्हडेल पाय रोवून उभा असतो. हा नायजेरियातून आलेला धिप्पाड गडी, त्याचं कामच ते. करी त्याच्या खांद्याला खांदा घासून जातो, इतक्या जवळून की मागच्या बचावपटूला मध्ये शिरायला जागाच राहू नये. बचावपटू लव्हडेलवर आपटतो किंवा लांबून वळसा घालतो. तेवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात करी रेषेबाहेर येऊन वळलेला असतो, आणि वळतानाच चेंडू त्याच्या छातीसमोर आलेला असतो. तो पोचल्यावर पास निघत नाही. तो पोचायच्या आधी पास निघालेला असतो. शॉट सगळ्यांना दिसतो. तो नेमक्या वेळी सुटलेला पास कुणाच्या लक्षात राहत नाही.

वळसा घालणारा बचावपटू दमतो, हाही त्यातला भाग. चाळीस मिनिटांच्या सामन्यात करीमागे धावायचं म्हणजे शिक्षाच. उत्तरार्धात करीचे गुण वाढायचे त्याचं एक कारण हे होतं. गोन्झागाविरुद्धच्या चाळीसांपैकी तीस उत्तरार्धातले, जॉर्जटाउनविरुद्धच्या तिसांपैकी पंचवीस. समोरच्याची दमछाक हे करीचं भांडवल होतं.

आता रिचर्ड्स गेला. करीपुढे दोन वाटा होत्या. एनबीएत जावं, किंवा तिसऱ्या वर्षासाठी थांबून चेंडू स्वतःकडे घ्यावा. तो थांबला. या थांबण्यात गरज आणि स्वार्थ दोन्ही होते आणि दोन्ही रास्त होते. संघाकडे दुसरा पॉइंट गार्ड त्या तोडीचा नव्हता. आणि एनबीएच्या हिशेबात सव्वासहा फुटांच्या आसपासचा सडपातळ मुलगा शूटिंग गार्ड म्हणून चालत नाही. तिथे त्या जागेवर साडेसहा फुटी माणसं असतात. या उंचीच्या पोराला पॉइंट गार्डच व्हावं लागतं, नाहीतर ‘ना इकडचा ना तिकडचा’ असा शिक्का बसतो.

मराठी वाचकाला जागा बदलणं म्हटलं की २७ मार्च १९९४ आठवेल. ऑकलंडला सिद्धू खेळू शकत नव्हता, सचिनने सलामीला जाऊ द्या म्हणून गळ घातली आणि ४९ चेंडूंत ८२ केल्या. पण सचिन मधल्या फळीतून सलामीला गेला, तरी काम फलंदाजीचंच राहिलं. चेंडू नवा, क्षेत्ररक्षक आत, एवढाच फरक. करीचं तसं नव्हतं. आतापर्यंत चेंडू त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी यायचा, आता सगळ्यांत आधी येणार होता. ज्या धावण्यावर त्याचा सगळा खेळ उभा होता ते धावणंच कमी होणार होतं, कारण चेंडू हातात असलेला माणूस स्क्रीनच्या मागे लपतछपत पळू शकत नाही. तो सगळ्यांना दिसतो. आणि आता दमण्याची पाळी त्याची. प्रतिस्पर्ध्यांनी ताज्या दमाचा एकेक गडी पाठवून त्याला आपल्याच रिंगपासून, म्हणजे ९४ फुटांच्या कोर्टच्या अगदी टोकापासून अडवायला सुरुवात केली.

चेंडूवाल्यासाठी लावलेल्या स्क्रीनचं गणित वेगळं असतं. लव्हडेल आता कोपऱ्यात नाही तर वर, करीच्या शेजारी येऊन उभा राहतो. करी त्याच्या कडेने निघतो. करीसारखा नेमबाज म्हटल्यावर लव्हडेलला धरणारा बचावपटूही लव्हडेलला सोडून करीवर झेपावतो. झाले दोन. म्हणजे उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार आणि समोरचे तीन. कागदावर हा फायदाच. पण हा फायदा त्या दोघांच्या हातांमधून, त्यांचा सापळा मिटायच्या आत, पास बाहेर काढला तरच. एक टप्पा जास्त पडला की वाट बंद. नुसत्या नेमबाजाचं मन इथे फसतं. त्याला वाटतं, अजून एक पाऊल मागे गेलो तर मी टाकू शकतो. बऱ्याचदा तो टाकूही शकतो. म्हणूनच पास देण्याचा निर्णय त्याला जड जातो. ज्याला शॉट मारताच येत नाही त्याला पास देण्यात काही त्याग नसतो.

मोसमाच्या सुरुवातीलाच १८ नोव्हेंबर २००८ ला ओक्लाहोमाविरुद्ध करीने ४४ गुण केले. पलीकडे ब्लेक ग्रिफिन होता, त्याचे २५ गुण आणि २१ रिबाउंड. डेव्हिडसन ७८-८२ हरलं. गुणांच्या दृष्टीने थक्क करणारा, पॉइंट गार्डच्या दृष्टीने जुनाच करी.

मग आठवड्याभरात लॉयोला. हा सामना एक गंमत म्हणून सांगितला जातो. मेरीलँडच्या या कॉलेजचे प्रशिक्षक जिमी पॅटसोस यांनी ठरवलं की करीवर दोन माणसं लावायची, आणि तीही कायम. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, तो कुठेही जावो, दोघे चिकटलेले. करीने थोडा वेळ हे पाहिलं आणि मग सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोघे पहारेकरी त्याच्या शेजारी. बाकी कोर्टवर चार विरुद्ध तीन असा खेळ सुरू. करीने सबंध सामन्यात तीन शॉट घेतले, एकही गुण केला नाही. डेव्हिडसन ७८-४८ जिंकलं. देशातला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू शून्यावर आणि संघ तीस गुणांनी विजयी. पॅटसोस नंतर पत्रकारांना म्हणाले ते साधारण असं, की आम्ही हरलो हे लोक विसरतील, करीला शून्यावर ठेवलं हे लक्षात राहील. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती.

माझ्या मते करीने त्या वर्षी पॉइंट गार्ड म्हणून खेळलेला पहिला खरा सामना हाच. यात त्याने चेंडूला जवळजवळ हात लावला नाही हे मान्य. पण पॉइंट गार्डचं काम समोरच्या पाचांची मांडणी वाचून आपल्या चौघांना मोकळं करणं. लॉयोलाविरुद्ध त्याने ते कोपऱ्यात उभं राहून केलं. वीस वर्षांचा पोरगा, सरासरी तीसच्या आसपास गुण, टीव्हीवाले मागे, एनबीएचे लोक वही घेऊन बसलेले. आणि तो उभा राहिला. आपल्याकडे कोणत्याही खेळात त्या वयाच्या, त्या नावाच्या पोराला हे करायला सांगून बघा.

डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध पुन्हा ४४ गुण, या वेळी विजय, ७२-६७. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेस्ट व्हर्जिनिया. बॉब हगिन्सचा संघ म्हणजे अंगाला अंग भिडवणारा. सामन्याचा बराच भाग करीचे शॉट पडत नव्हते. जुन्या करीसाठी हा वाईट दिवस ठरला असता. त्याने शॉट पडत नाहीत म्हणून पास द्यायला घेतले, दहा असिस्ट केले, आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा स्वतः टाकून सामना काढला. २७ गुण, १० असिस्ट, ६८-६५. दोन्ही कामं एकाच माणसाकडून एकाच संध्याकाळी झाली.

आणि मग लगेच, नाताळाच्या आधी, इंडियानापोलिसमध्ये पर्ड्यू. २६ शॉट, त्यातले ५ पडले. डेव्हिडसन ५८-७६. पर्ड्यूच्या चिवट गार्डांनी त्याला चेंडू आणतानाच थकवलं. शॉट घेताना त्याच्या पायात जोर उरत नव्हता, आणि या खेळात शॉट पायांतून येतो, हातातून नाही. लांबून टाकलेला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येऊ लागला की समजावं, पाय गेले.

आकडे मांडले तर वर्ष असं दिसतं. असिस्ट २.९ वरून ५.६, जवळजवळ दुप्पट. टर्नओव्हर सामन्यामागे २.६ वरून ३.७. थ्री-पॉइंटरची टक्केवारी ४३.९ वरून ३८.७. गुण मात्र वाढले, २८.६, देशात सर्वाधिक. टक्केवारी घसरली त्याला आणखी एक कारण आहे जे फारसं सांगितलं जात नाही. त्याच मोसमात कॉलेज बास्केटबॉलची थ्री-पॉइंट रेषा एक फूट मागे सरकली, १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर. करीला एका फुटाने काय होतंय म्हणा. तो त्याही मागून टाकत असे. मला वाटतं, घसरण झाली ती मुख्यतः शॉटच्या जातीमुळे. आधी त्याला पासवर शॉट मिळायचा, पाय रोवलेले, खांदे रिंगकडे. आता तो टप्पे देतादेता, मागे सरकत, समोर हात असताना टाकत होता. या शॉटची चाळीसच्या आसपासची टक्केवारी ही आधीच्या चव्वेचाळीसपेक्षा अवघड कमाई आहे. पण तक्ता पाहणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला घसरण दिसते.

जाणकारांच्या अहवालांतही तेच दिसलं. भरतीसाठी खेळाडू जोखणाऱ्यांनी लिहिलं की हा अस्सल पॉइंट गार्ड नाही, अंगापिंडाने हलका आहे, शॉट निवडताना घाई करतो, संघ चालवण्यासाठी याच्यावर विसंबू नका. आज हे अहवाल हसण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचले जातात. मला त्यात हसण्यासारखं फार काही दिसत नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पहिल्या वर्षाचा पॉइंट गार्ड चुका करतो तशा तो करत होता. त्यांचं चुकलं ते एवढंच, की शिकण्याच्या मधल्या टप्प्यावरचा माणूस त्यांनी तयार माल म्हणून तोलला.

संघाला या अदलाबदलीची किंमत मोजावी लागली. फेब्रुवारीत फर्मनविरुद्ध करीचा घोटा मुरगळला. पुढचा एक सामना तो बसला आणि संघ हरला. तीन वर्षांत तो न खेळलेला तेवढा एकच सामना. मग दुखऱ्या पायानेच बटलरविरुद्ध उतरला, तोही गेला, ६३-७५. आधीच्या वर्षी हाच घोटा मुरगळला असता, तर चेंडू आणायला रिचर्ड्स होता. आता सगळंच एका पायावर. मार्चमध्ये आपल्या गटाच्या, म्हणजे सदर्न कॉन्फरन्सच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत कॉलेज ऑफ चार्ल्सटनने ५९-५२ असं हरवलं आणि राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद झालं. साखळीत वीसपैकी अठरा सामने जिंकूनही निवड समितीने त्यांना घेतलं नाही. डेव्हिडसनच्या वाट्याला दुय्यम मानली जाणारी एनआयटी स्पर्धा आली. तिथे साउथ कॅरोलायनाला हरवलं, करीचे ३२, आणि पुढच्या फेरीत कॅलिफोर्नियात सेंट मेरीजकडून ६८-८० अशी हार. करीचा कॉलेजातला शेवटचा सामना हा असा, टीव्हीच्या मुख्य वेळेबाहेरचा. एकूण २,६३५ गुण, १०४ सामने.

मॅकिलपना ही किंमत दिसत नव्हती असं नाही. रिचर्ड्सच्या जागी दुसरा एखादा साधा, चेंडू सांभाळणारा मुलगा लावून करीला पुन्हा पळता ठेवलं असतं, तर कदाचित संघ आणखी दोन-तीन सामने जिंकला असता. त्यांनी ते केलं नाही. प्रशिक्षकाच्या नोकरीच्या हिशेबात हा तोट्याचा व्यवहार होता. विजयांचे आकडे त्यांच्या नावावर लागतात, करी काय शिकला हे कुठल्या तक्त्यात येत नाही.

जून २००९ मध्ये एनबीएची भरती झाली. त्या वर्षी पॉइंट गार्डांचं पीक आलं होतं. मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. त्यांनी दोन्हींवर पॉइंट गार्डच उचलले, पाचवा स्पेनचा रिकी रुबियो, सहावा सिराक्यूसचा जॉनी फ्लिन. दोघेही ‘अस्सल’. जो नुकताच वर्षभर ते काम शिकला होता त्याला दोनदा ओलांडून गेले. सातवा क्रमांक गोल्डन स्टेटचा. त्यांनी करीला घेतलं आणि तिथेही प्रश्न तोच निघाला. संघात माँटा एलिस होता, तोही ठेंगणा, तोही गुण करणारा. दोन छोटे गार्ड एकत्र चालणार नाहीत असं एलिसने करीच्या पहिल्याच मोसमाच्या आधी पत्रकारांसमोर बोलून दाखवलं. करीने त्या वर्षी १७.५ गुण आणि ५.९ असिस्टची सरासरी ठेवली. असिस्टचा हा आकडा डेव्हिडसनच्या शेवटच्या वर्षातल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त, आणि तोही कितीतरी बळकट प्रतिस्पर्ध्यांसमोर. मार्च २०१२ मध्ये संघाने एलिसला मिलवॉकीला पाठवलं. मग चेंडू पूर्णपणे करीचा झाला.

तो पूर्णपणे त्याचा राहिला मात्र दोन-अडीच वर्षंच. २०१४ मध्ये स्टीव्ह कर प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी पाहिलं की करी चेंडू हातात असताना जितका धोकादायक आहे तितकाच तो चेंडूशिवाय पळताना आहे, आणि तो पळणारा करी बरीच वर्षं वाया चाललाय. त्यांनी चेंडू ड्रेमंड ग्रीनकडे द्यायला सुरुवात केली. ग्रीनची गोष्टही याच जातीची. मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं खेळलेला, आत खेळायला बुटका आणि बाहेर खेळायला जड असं ठरवून २०१२ च्या भरतीत पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत कुणी न घेतलेला. कर यांनी त्याला कधी सेंटरच्या जागी उभा केला, तर कधी पास देणारा केला. करी चेंडू आणतो, ग्रीनच्या स्क्रीनवर दोघे बचावपटू करीवर येतात, करी सापळा मिटायच्या आत चेंडू ग्रीनकडे सोडतो, आणि ग्रीन चार विरुद्ध तीनच्या मोकळ्या रानात सुटतो. पास दिल्यावर करी थांबत नाही. तो वळून कोपऱ्याकडे पळतो, आणि त्याला विसरलेल्या बचावपटूच्या मागून पुन्हा पास मिळवतो. पहिला अर्धा भाग २००९ चा, दुसरा २००८ चा.

२०१५-१६ च्या मोसमात करीने एनबीएत सर्वाधिक, सरासरी ३०.१ गुण केले, ४०२ थ्री-पॉइंटर मारले, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने मिळवला. तोवर असं एकमत कधीच झालं नव्हतं. त्या संघात असिस्टमध्ये पहिला होता ग्रीन, सरासरी ७.४. करी ६.७ वर दुसरा. संघाच्या अधिकृत यादीत मात्र करीच्या नावापुढे गार्ड आणि ग्रीनच्या नावापुढे फॉरवर्ड असंच छापलेलं होतं.